घरची कुकी आणि फ्रीजरचा भरवसा

परीक्षा आटोपल्या, आंबा बाजारात आला, की घरोघरी आइस्क्रीमचा खटाटोप सुरू होतो. एके काळी तो लाकडी पॉटचा होता. बर्फ आणि खडे मीठ भरायचे, पाळीपाळीने दांडा फिरवायचा आणि दंड भरून आले की शेजारच्या मुलाला हाक मारायची. नंतर फ्रीज आला आणि जीएमएस-सीएमसीच्या पुड्या आणून, अर्धवट गोठलेले मिश्रण मिक्सरमधून दोनदा फिरवण्याचे दिवस आले. आता ओटीजी आणि एअर फ्रायर ओट्यावर आल्यापासून मुलांना हवे असते ते आइस्क्रीम सँडविच, आणि तेही घरी भाजलेल्या कुकीजमधले. या हौसेचे स्वागतच करायला हवे. मुले पीठ मोजायला शिकतात, तापमान म्हणजे काय ते त्यांना कळते, आणि सुट्टीतली एक दुपार मोबाइलशिवाय जाते.

मात्र या पदार्थावर ‘घरचेच आहे, खा बिनधास्त’ असा जो शिक्का आपण मारून टाकतो, त्याबद्दल थोडे बोलायला हवे. घरचे जेवण सुरक्षित असते ते मुख्यतः आपण ते उकळतो, शिजवतो आणि गरम खातो म्हणून. वरण-भाताला जे लागू आहे ते आइस्क्रीम सँडविचला लागू नाही. त्यातला एक भाग भाजलेला असतो, दुसरा अजिबात गरम न करता खायचा असतो, आणि दोन्ही एकत्र करून जिथे ठेवायचे तो फ्रीजर महावितरणच्या मर्जीवर चालतो.

आधी कुकीचेच पाहू, कारण पहिला अपेक्षाभंग तिथे होतो. नानकटाई किंवा पुण्याचे श्रूसबेरी बिस्किट घेऊन त्यात आइस्क्रीम भरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले, तर सकाळी ते चावताना दात शिवशिवतात, बिस्किटाचे तुकडे होतात आणि आइस्क्रीम बाजूने बाहेर येते. यात बिस्किटाचा दोष नाही. श्रूसबेरीचा खुसखुशीतपणा लोण्यातून येतो. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून खोलीच्या तापमानाला ते बिस्किट तोंडात विरघळते. उणे १८ अंशांवर मात्र त्यातली बहुतेक चरबी गोठून घट्ट झालेली असते. जो गुण बशीत असतो तो फ्रीजरमध्ये अवगुण ठरतो.

मुंबईने हा प्रश्न फार पूर्वी वेगळ्याच वाटेने सोडवला. चर्चगेटला ब्रेबॉर्न स्टेडियमजवळ के. रुस्तम हे १९५३ पासूनचे दुकान आहे. तिथे आइस्क्रीमची चौकोनी वडी दोन पातळ वेफरच्या मध्ये ठेवून हातात देतात. ते घरी न्यायचे नसते. तिथेच, फुटपाथवर, ओघळ मनगटापर्यंत पोहोचण्याआधी संपवायचे असते. वेफर कोरडा आणि कुरकुरीत असला तरी चालतो, कारण आइस्क्रीमशी त्याची गाठ पाच मिनिटांचीच. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हातगाड्यांवर जे आइस्क्रीम सँडविच एक सेंटला विकले जाई, तेही असेच उभ्या उभ्या खायचे होते. पुढे १९२८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकाठावरील एका मनोरंजननगरीत जॉर्ज व्हिटनी यांनी ओटच्या दोन कुकीजमध्ये व्हॅनिला आइस्क्रीम घालून ते चॉकलेटमध्ये बुडवले आणि ‘इट्स-इट’ नावाने विकले. तो पदार्थ आजही मिळतो. कारखान्यात करून, गोठवून, दुकानात पाठवायचे सँडविच हा मात्र वेगळाच व्यवहार आहे. त्यातली बिस्किटे मुद्दाम मऊ केलेली असतात.

मऊ का, तर गोठलेल्या अवस्थेतही पाणी स्वस्थ बसत नाही. उणे १८ अंशांवरसुद्धा आइस्क्रीममधले सगळे पाणी बर्फ झालेले नसते. साखर विरघळलेली असल्याने काही भाग दाट पाकासारखा द्रवरूप राहतो, आणि म्हणून तर आइस्क्रीम चमच्याने काढता येते. हे पाणी ओल्याकडून कोरड्याकडे, म्हणजे कुकीत, सावकाश झिरपत राहते. कुरकुरीत कुकी दोन-तीन दिवसांत मऊ पडते, तर मुळातच मऊ असलेली कुकी एका रात्रीत आइस्क्रीमशी एकजीव होते. तेव्हा गृहिणीने किंवा गृहस्थाने आधी ठरवायचे ते इतकेच : लगेच खायचे आहे की साठवायचे आहे? लगेच खायचे असेल तर कोणतेही चांगले बिस्किट घ्या, भाजण्याचीही गरज नाही. साठवायचे असेल तर कुकी वेगळी हवी.

ती कशी, हे रसायनशास्त्र सांगते. चरबीचा काही भाग तेलाचा असावा, कारण सूर्यफुलाचे तेल फ्रीजरमध्येही लोण्याइतके कडक होत नाही. साखरेचा काही भाग गुळाचा असावा. पांढरी साखर थंड होताना पुन्हा स्फटिक बनते आणि कुकीला कडकपणा देते. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज थोड्या प्रमाणात सुटे असतात, ते पाणी धरून ठेवतात. गूळ ‘आरोग्यदायी’ म्हणून घालायचा नाही, तो मऊपणासाठी घालायचा. शरीराच्या हिशेबात तोही साखरच आहे. मध घातला तरी हेच साधते, फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला त्याचा कणही देऊ नये. मधात बॉट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि भट्टीच्या उष्णतेने ते मरतातच असे नाही.

प्रमाण सांगायचे तर सहा सँडविचेससाठी, म्हणजे बारा कुकीजसाठी, १२० ग्रॅम पीठ (निम्मा मैदा, निम्मी कणीक चालते), ६० ग्रॅम लोणी, २० ग्रॅम तेल, ५० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम किसलेला गूळ, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे दूध एवढे पुरते. अंडे चालत असेल तर दुधाऐवजी अंड्याचा पिवळा बलक घ्या, कुकी अधिक चिवट-मऊ होते. गोळे जरा चपटे करून, अंतर ठेवून, १७५ अंशांवर नऊ ते अकरा मिनिटे. कडा सोनेरी झाल्या आणि मध्य अजून मऊ वाटत असला की बाहेर काढायच्या. ताटलीतच दहा मिनिटांत त्या घट्ट होतात. एअर फ्रायरमध्ये पंख्याच्या वाऱ्यामुळे उष्णता जास्त लागते, म्हणून तिथे तापमान १५ अंशांनी कमी आणि वेळही कमी.

नाचणीचे पीठ वापरायची अनेकांची इच्छा असते. जरूर वापरा, पण सगळी नाचणी घेतली तर ग्लुटेन नसल्यामुळे कुकी आइस्क्रीमच्या ओलीने विरते. एकतृतीयांश नाचणी, बाकी गहू, असे जमते. चव मात्र खरोखरच चांगली येते, विशेषतः चॉकलेट आइस्क्रीमबरोबर.

ज्यांच्याकडे भट्टी नाही ते कढईत किंवा कुकरमध्ये मिठाचा थर देऊन भाजतात. ही आपल्याकडची जुनी आणि चांगली युक्ती आहे. कुकर वापरायचा तर झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढूनच. नॉनस्टिक कढई यासाठी वापरू नये. कोरडी तापवल्यावर तिचे तापमान सहज २६० अंशांच्या वर जाते, तिथे तो लेप विघटित होऊ लागतो आणि त्याचा धूर फुप्फुसांना चांगला नाही. लोखंडी कढई काढा, आजीची असेल तर उत्तम.

फिकट भाजण्याला आणखी एक कारण आहे. २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले वा तळले की त्यात ॲक्रिलामाइड तयार होते. रंग जितका गडद, तितके ते जास्त. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले आहे. माणसाच्या आहारातल्या प्रमाणाने नेमका किती धोका होतो यावर अजून एकमत नाही. म्हणून घाबरून भाजणे सोडायचे कारण नाही, पण काळपट झालेल्या कुकीज ‘वाया कशाला घालवायच्या’ म्हणून मुलांच्या ताटात सरकवू नयेत.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे. कुकीज करताना मुले भांडे चाटतात. गूळ-लोण्याचे ते पीठ खरोखर चविष्ट लागते, आणि कच्च्या कुकीच्या पिठाचे गोळे घातलेले आइस्क्रीम हल्ली दुकानातही मिळते. त्यामुळे घरी कच्चे पीठ आइस्क्रीममध्ये घालायला काय हरकत, असे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे कणकेचा गोळा खेळायला देऊनच पोरे रमवतात आणि त्यातला अर्धा गोळा पोटात जातो. पण पीठ हा कच्चा पदार्थ आहे, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. गहू शेतात उघड्यावर पिकतो. पक्षी, गुरे, उंदीर, सांडपाणी या सगळ्यांशी त्याचा संबंध येऊ शकतो. गिरणीत तो दळला जातो, निर्जंतुक होत नाही. पिठाचे तापमान गिरणीत वाढते ते हाताला कोमट लागण्याइतके, जंतू मरण्याइतके नव्हे. कोरड्या पिठात जिवाणू वाढत नाहीत, पण महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी, दूध मिळाले की जागे होतात.

अमेरिकेत २००९ मध्ये तयार कच्चे कुकी-पीठ खाऊन तीसएक राज्यांतले ७० हून अधिक लोक ई. कोलाय ओ१५७:एच७ या घातक जिवाणूने आजारी पडले. कच्चे अंडे म्हटले की साल्मोनेला हे समीकरण सगळ्यांना पाठ होते. पण हा जिवाणू अंड्याचा नव्हता, आणि तपासाची सुई पिठाकडे वळली. २०१६ मध्ये तर थेट पिठाच्या पाकिटांतूनच ई. कोलायची साथ पसरली, साठहून अधिक रुग्ण झाले आणि कंपनीला मोठ्या प्रमाणावर माल परत बोलवावा लागला. या प्रकारच्या ई. कोलायमुळे रक्ती जुलाब होतात. पाच वर्षांखालील काही मुलांमध्ये पुढे मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत मजल जाते.

आपल्याकडे अशा साथीची बातमी येत नाही, याचा अर्थ आपले पीठ निर्मळ आहे असा काढणे धाडसाचे होईल. उन्हाळ्यात पोर दोन दिवस जुलाबाने बेजार झाले तर आपण ‘ऊन लागले’, ‘आंबा बाधला’ म्हणून ओआरएस देतो, आणि ते योग्यच असते. विष्ठेची तपासणी, जिवाणूचा प्रकार, तो कुठून आला याचा माग, हे सगळे क्वचितच होते. शोधलेच नाही तर सापडणार कसे?

दुकानातल्या कुकी-पिठाच्या आइस्क्रीमसाठी उष्णतेची प्रक्रिया केलेले पीठ वापरतात. घरी मैदा मायक्रोवेव्हमध्ये किंवा तव्यावर चार मिनिटे परतून ‘सुरक्षित’ करण्याच्या चित्रफिती फिरतात, त्यांवर भिस्त ठेवू नये. कोरड्या अवस्थेत हे जिवाणू उष्णतेला अधिक दाद देत नाहीत, आणि घरच्या तव्यावर सगळे पीठ सारखे तापतही नाही. तेव्हा भांडे चाटायला द्यायचे नाही. मूल रुसेल. त्याला पहिली भाजलेली कुकी द्या.

चरबीबद्दल बोलायचे तर घरी करण्याचा खरा फायदा इथे आहे. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला आणि पुढच्या काही दशकांत वनस्पती तूप बेकरीचा कणा झाले. स्वस्त, टिकाऊ, खुसखुशीत. तेलाला हायड्रोजन देऊन घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होते, जे वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते. असा दुहेरी तोटा दुसरी कोणतीही चरबी करत नाही. वनस्पतीत तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती सरकारने का केली होती, हेही गमतीचे आहे : आरोग्यासाठी नव्हे, तर तुपातली भेसळ रासायनिक चाचणीत पकडता यावी म्हणून! आरोग्याचा विचार खूप उशिरा आला. एफएसएसएआयने ट्रान्स फॅटची मर्यादा पाच टक्क्यांवरून २०२१ मध्ये तीन आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली. नियम चांगला आहे. पण गल्लीतल्या बेकरीत वजनावर मिळणाऱ्या नानकटाईला ना वेष्टन असते ना लेबल. तिथे कोणती चरबी वापरली आहे हे ग्राहकाला कळायचा मार्ग नाही. घरी लोणी आणि तेल वापरले की हा प्रश्नच मिटतो. लोणी काही औषध नव्हे, त्यात संपृक्त चरबी भरपूर आहे, पण निदान काय खातो आहोत ते माहीत असते.

आत भरायच्या आइस्क्रीमचेही लेबल वाचा. नियमानुसार ‘आइस्क्रीम’ म्हणवून घ्यायला त्यात किमान १० टक्के दुधातली स्निग्धता हवी. दुधातल्या चरबीऐवजी वनस्पतिजन्य तेल वापरले असेल तर त्याला ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावे लागते, आणि ते शब्द अनेकदा बारीक अक्षरांत कोपऱ्यात असतात. २०१७ मध्ये यावरून दोन मोठ्या कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात भांडल्या. एकीने जाहिरातीत फ्रोझन डेझर्टची सांगड वनस्पती तुपाशी घातली होती, दुसरीचे म्हणणे होते की आम्ही वनस्पती तेल वापरतो, वनस्पती तूप नव्हे. न्यायालयाने ती जाहिरात रोखली. ग्राहकाने यातून एवढे घ्यावे, की फ्रोझन डेझर्ट म्हणजे विष नव्हे, पण ते आइस्क्रीमही नव्हे, आणि आइस्क्रीमच्या भावात ते विकत घेण्याचे कारण नाही. आणखी एक : आइस्क्रीम मिलिलिटरमध्ये विकतात, ग्रॅममध्ये नाही. नियमाने लिटरभर आइस्क्रीमचे वजन ५२५ ग्रॅम असले तरी पुरते. उरलेली जागा फेटलेल्या हवेची. दोन सारख्या डब्यांतला जड डबा कोणता हे दुकानात हातात घेऊन पाहायला लाजू नका.

साखरेचा हिशेब थोडक्यात. वर दिलेल्या प्रमाणात एका सँडविचच्या दोन कुकीजमध्ये १५ ग्रॅम साखर-गूळ येतो. त्यात ५० ग्रॅम आइस्क्रीम भरले तर आणखी सात-आठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, पाच टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगले. २००० कॅलरी खाणाऱ्या प्रौढासाठी पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. लहान मुलासाठी त्याहून कमी. म्हणजे एका सँडविचमध्ये दिवसाचा कोटा संपला. त्या दिवशी सरबत, कोल्ड्रिंक आणि जेवणानंतरचा आमरस हे तिन्ही चालतील असे समजू नये. सुमारे सव्वातीनशे कॅलरी होतात, त्या एक वेळ खेळण्यात जिरतील. आणि आइस्क्रीमने सर्दी होते ही समजूत आता सोडायला हरकत नाही. सर्दी विषाणूंनी होते.

जुळणी करताना एक चूक सर्रास होते. डबा बाहेर काढून आइस्क्रीम पार सैल होऊ देतात, ते कुकीवर थापतात आणि पुन्हा गोठवतात. वितळताना आतली हवा निघून जाते, बर्फाचे कण मोठे होतात आणि दुसऱ्या दिवशी जिभेला खरखर लागते. त्यापेक्षा डब्याऐवजी विटेच्या आकाराचा पॅक आणा, आणि चर्चगेटला कापतात तशी सुरीने दोन सेंटिमीटरची वडी कापा. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यायची. कुकीज आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलेल्या असाव्यात. कोमट कुकीवर आइस्क्रीम ठेवणे म्हणजे स्वतःच्या हाताने ते पातळ करणे. एक-एक सँडविच करा, बटर पेपरमध्ये गुंडाळा, लगेच आत टाका. आठवडाभरात संपवा.

आइस्क्रीमही घरीच करणाऱ्यांनी मलईबद्दल सावध असावे. तूप कढवण्यासाठी आठ-दहा दिवस साठवलेली साय फेटून, कंडेन्स्ड मिल्क घालून थेट गोठवणे ही सध्याची लोकप्रिय पाककृती आहे. तुपासाठी ती साय कढवली जाते, म्हणून चालते. इथे ती कढतच नाही. फ्रीजमधल्या चार अंशांवर लिस्टेरियासारखे जिवाणू हळूहळू का होईना वाढतात, आणि गरोदर स्त्रीला त्यांचा संसर्ग झाला तर गर्भ दगावू शकतो. जीएमएस-सीएमसीच्या जुन्या पद्धतीत दूध उकळले जाई, या एका बाबतीत आपल्या आया अधिक शहाण्या होत्या. सायच वापरायची तर पाश्चराइज्ड क्रीमचे बंद पाकीट आणावे.

गोठवले की जंतू मरतात, हा समज फार खोल रुजलेला आहे. ते मरत नाहीत, थांबतात. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका मोठ्या आइस्क्रीम कारखान्याला मिश्रण पुरवणाऱ्या टँकरांनी त्याआधी कच्च्या अंड्यांचा द्रव वाहिला होता. मिश्रण पाश्चराइज केलेलेच होते, पण ते टँकरमध्ये भरल्यावर पुन्हा तापवले गेले नाही. त्या आइस्क्रीममुळे देशभरात सुमारे २,२४,००० लोकांना साल्मोनेलाची बाधा झाली असा अंदाज नंतर बांधण्यात आला. उणे तापमानाच्या संपूर्ण साखळीतून तो जिवाणू सुखरूप पार झाला होता.

आपल्या फ्रीजरचे तापमान किती, हे किती घरांना माहीत आहे? दारावरच्या ऊर्जाबचतीच्या चांदण्या सगळे मोजतात. त्या विजेच्या बिलासाठी असतात. फ्रीजरच्या कप्प्यावर किंवा माहितीपुस्तिकेत वेगळ्या चांदण्या असू शकतात : एक म्हणजे उणे सहा अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. एक चांदणीचा कप्पा बर्फाच्या ट्रेपुरता आहे, आइस्क्रीम साठवण्यासाठी नाही. आणि वीज गेल्यावर काय होते? गच्च भरलेला स्वतंत्र डीप फ्रीजर न उघडल्यास दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस थंडी धरतो. आपल्या फ्रीजच्या वरच्या छोट्या कप्प्याचा टिकाव त्याच्या कितीतरी कमी. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना दुपारभर वीज नसेल, तर संध्याकाळी पुन्हा दगडासारखे झालेले सँडविच मधल्या वेळात दूध-साखरेचा कोमट लगदा होऊन गेलेले असू शकते. ३२ अंशांपेक्षा गरम हवेत असा पदार्थ तासाभरापेक्षा जास्त राहिला तर टाकून द्यावा. स्टॅफिलोकोकसने त्या वेळात तयार केलेले विष पुन्हा गोठवल्याने जात नाही, आणि उलट्या दोन-चार तासांत सुरू होतात.

हेच दुकानांचे. रात्री शटर ओढताना मेन स्विचच बंद करणारे दुकानदार सगळ्यांनी पाहिले आहेत. अन्न व औषध प्रशासन दिवाळीच्या तोंडावर खव्यावर छापे घालते, त्याच्या बातम्या होतात. एप्रिल-मेमध्ये आइस्क्रीमच्या शीतपेट्यांची अशी तपासणी का होऊ नये? प्रत्येक पेटीवर बाहेरून दिसेल असा तापमापक सक्तीचा केला, तर निरीक्षकाची वाट न पाहता ग्राहकच तपासणी करेल. खर्च दुकानदाराला परवडेल असा आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर घरगुती सँडविच विकणाऱ्या ताई-दादांनीही हे समजून घ्यावे. विक्री सुरू केली की घर हा अन्नव्यवसाय होतो, एफएसएसएआयची नोंदणी लागते, आणि शेंगदाणा, काजू, अंडे यांपैकी काय घातले आहे ते वेष्टनावर लिहावेच लागेल. एखाद्या मुलाची ॲलर्जी ‘थोडेसेच होते’ हे ऐकून घेत नाही.

तापमापक येईपर्यंत घरच्यासाठी एक फुकटचा उपाय. छोट्या वाटीत पाणी भरून गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवून वाटी फ्रीजरमध्येच, आइस्क्रीमशेजारी राहू द्या. गावाहून परत आल्यावर किंवा वीज येऊन-जाऊन झाल्यावर आधी ती वाटी पाहा. नाणे वरच असेल तर सँडविचेस काढा. नाणे बर्फात खाली रुतलेले दिसले तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले आहे. मग कुकीज कितीही मेहनतीने भाजलेल्या असोत, त्या मुलांच्या हातात पडण्यापूर्वी ओल्या कचऱ्यात जायला हव्यात.